फवाऱ्याचा अंतरपाट

“आहे!” केतकी ओरडली.

“नाही,” पाणक्या म्हणाला.

“अरे, समोर आहे! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा... दुधीच्या मांडवाएवढं मोठं इंद्रधनुष्य आहे! तुला दिसत कसं नाही?”

“माझे डोळे तुमच्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ तीक्ष्ण आहेत, केतकीताई. समोर पाणी आहे, ऊन आहे आणि पाण्यापलीकडे तुम्ही उड्या मारत आहात. रंग नाहीत. नोंद केली.”

“ती नोंद पुसून टाक!”

“नोंद पुसता येत नाही. फवारा बंद करत आहे. आजचं पाणी संपलं.”

छपरातल्या नळ्यांनी एक शेवटचा फुत्कार टाकला आणि दोघांच्या मधला पाण्याचा पडदा सावकाश खाली बसला. त्याच्याबरोबर रंगही गेले. केतकी ओल्या फरशीवर पाय आपटत उभी राहिली. चंद्रावर पाय आपटण्यात फारशी मजा नसते. आपटणारा माणूस स्वतःच वर उडतो आणि राग खाली यायला वेळ लागतो.

हो, हे सगळं चंद्रावर चाललं होतं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी एका खोल विवराच्या कडेला एक छोटी वस्ती होती. कडेला म्हणून तिचं नाव कडेवाडी. तिथे सूर्य कधी डोक्यावर येत नाही. घाण्याच्या बैलासारखा तो क्षितिजाला धरून गोल गोल फिरतो आणि त्याचं ऊन सदा आडवं पडतं. त्या आडव्या उन्हात, काचेच्या भिंतींच्या आत, केतकीच्या श्रीरंगमामाचा भाजीचा मळा होता. आणि पाणक्या म्हणजे त्या मळ्याचं पाणी सांभाळणारा यंत्रमानव. पूर्वी पृथ्वीवर घरोघर पाणी भरणाऱ्या माणसाला पाणक्या म्हणत. केतकीच्या आजीने, म्हणजे माईआजीने, त्या आठवणीने हे नाव ठेवलं होतं. दिसायला तो चाकांवरच्या टाकीसारखा होता. स्वभावाने इतका चिक्कू, की कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर तेही मोजून घेईल, असं मामा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मामाचं लग्न होतं, आणि केतकीचा जीव टांगणीला लागला होता.

त्याचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. होणारी मामी, हेमांगी, काही महिन्यांपूर्वी पृथ्वीवरून आली होती. ती आंबोलीची, सह्याद्रीच्या घाटातली. धबधबे, धुकं आणि शेवाळ यांच्यात वाढलेली. वस्तीतल्या यंत्रांची दुरुस्ती ती झटक्यात करायची आणि गाणी म्हणत करायची. पण काम संपलं, की खिडकीशी जाऊन बसायची. त्या खिडकीतून क्षितिजालगत निळी पृथ्वी दिसायची. आणि तिची मोठी लाल बॅग आल्या दिवसापासून दाराशीच उभी होती. लागतील तेवढे कपडे ती वरून काढून घ्यायची आणि चेन पुन्हा लावून टाकायची.

एकदा केतकी टोमॅटोच्या वाफ्यामागे बसली होती, तेव्हा तिने ऐकलं.

“श्री, इथल्या आकाशाला रंगच नाही रे,” हेमांगी म्हणत होती. “काळं म्हणजे काळं. आमच्याकडे ऊन-पाऊस एकदम आले की दरीत इंद्रधनुष्य पडायचं. इथे जन्मभर त्याच्याशिवाय राहायचं?”

“मग काय करायचं म्हणतेस?”

“लग्नानंतर यान परत जाईल ना, त्यातून आपणही जाऊ या का?”

मामा म्हणाला, “लग्न होऊ दे. मग ठरवू.”

मामा गेला तर केतकी त्याच्यामागे जाऊ शकत नव्हती. ती चंद्रावर जन्मलेली. पृथ्वीवर वस्तूंचं वजन इथल्या सहापट भरतं. तिच्या हाडांना ते पेललं नसतं. मामा मग फक्त पडद्यावर दिसला असता. त्याच्या खांद्यावर बसून दुधीच्या वेलाला हात लावता आला नसता.

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. इंद्रधनुष्य हवंय ना, मग आणू! ते कसं आणायचं, हे तिला माईआजीच्या एका आठवणीवरून सुचलं. आजी लहानपणी नगरकडच्या एका गावात राहायची. तिची आत्या सकाळी अंगणात सडा टाकायची, म्हणजे बादलीतलं पाणी हाताने उडवून शिंपडायची. कोवळ्या उन्हात त्या उडत्या पाण्यावर क्षणभर सात रंग चमकायचे, आणि छोटी आजी ते पकडायला धावायची. पाणी आणि ऊन. मळ्यात दोन्ही होतं.

मग केतकीने सगळ्यांपुढे एक टूम काढली. लग्नात नवरा-नवरीच्या मधे कापडाचा पडदा धरतात, त्याला अंतरपाट म्हणतात. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांनी एकमेकांना पाहायचं नसतं. “आपण कापडाऐवजी फवाऱ्याचा अंतरपाट करू!” ती म्हणाली. सगळ्यांना गंमत वाटली. मामा तर हसत सुटला. पाणक्याने पाण्याची विनंती दोनदा नामंजूर केली आणि तिसऱ्यांदा माईआजीने डोळे वटारल्यावर मंजूर केली. पण त्या फवाऱ्यात काय दिसणार आहे, हे केतकीने गुपित ठेवलं.

आणि आता रंगीत तालमीत हा पाणक्या म्हणतो, रंग नाहीत!

लग्नाच्या सकाळी ती धावत आजीच्या खोलीत शिरली. माईआजी नऊवारी नेसत होती. चंद्रावर नऊवारी नेसणं हा मोठा उद्योग असतो. निऱ्या खाली राहतच नाहीत, फुग्यासारख्या वर येतात. आजीने काठाच्या आत लोखंडी चकत्या शिवून घेतल्या होत्या, तरी एक निरी हट्टाने तरंगत होती.

“आजी, पाणक्याचे डोळे बिघडलेत!”

“सकाळी सकाळी तक्रार? काय केलंन त्याने?”

केतकीने मग गुपित फोडलं. सगळं सांगितलं. फक्त मामा जाणार असल्याचं तेवढं ओठांवर येऊन परत गेलं. ऐकता ऐकता माईआजीचा निरीवरचा हात थांबला. ती प्रकाशशास्त्रज्ञ होती. अंधाऱ्या विवरात ऊन पोचवणारे मोठमोठे आरसे तिनेच बसवले होते.

“पाणक्या कुठे उभा होता?” तिने विचारलं.

“मामीच्या जागेवर. आणि मी मामाच्या.”

“तोंड कुणीकडे होतं त्याचं?”

“उन्हाकडे. नवरीचं तोंड पूर्वेकडे पाहिजे, असं मामीच्या घरून सांगितलंय ना!”

इथे पूर्व कुठली, यावर त्या आठवड्यात बराच वाद झाला होता. ध्रुवावर दिशांचा नुसता गोंधळ. शेवटी आजीनेच तोडगा काढला होता, की मुहूर्ताला सूर्य ज्या बाजूला असेल ती पूर्व.

“मग पाणक्याचे डोळे उत्तम आहेत,” आजी म्हणाली. “तो खरं बोलला.”

“आणि मी काय खोटं बोलले?”

“तूही खरं बोललीस. ती इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आण बघू. आणि इकडे खिडकीशी ये.”

काचेतून ऊन आडवं आत आलं होतं. केतकीची लांब सावली समोरच्या करड्या भिंतीवर पडली होती.

“उन्हाकडे पाठ कर,” आजी म्हणाली आणि तिने केतकीसमोर फुस् फुस् करून पाणी उडवलं.

“रंग! हे बघ!”

“आता वळ. उन्हाकडे तोंड.” आजीने पुन्हा पाणी उडवलं.

यावेळी नुसतं पांढरं चकाकणं दिसलं. केतकीने डोळे किलकिले केले. एकही रंग नव्हता.

“कुठे गेलं?”

“ऐक. पण नाचू नकोस, एका जागी उभी राहा. हा पांढरा दिसणारा सूर्यप्रकाश आहे ना, त्यात सगळे रंग एकत्र मिसळलेले असतात. गर्दीत चालणाऱ्या पोरांसारखे. किरण पाण्याच्या थेंबात शिरतो तेव्हा त्याची वाट जराशी वाकते. याला अपवर्तन (हवेतून पाण्यात किंवा काचेत जाताना किरणाने दिशा बदलणं) म्हणतात. पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. जांभळा जास्त वाकतो, तांबडा कमी. त्यामुळे गर्दी फुटते आणि रंग वेगळे होतात.”

“मग ते थेंबातून पलीकडे जातात?”

“बरेचसे जातात. पण थोडे थेंबाच्या मागच्या भिंतीवर आपटून उलटे फिरतात. ते परावर्तन (आरशावर आपटून परत येतो तसं किरणाचं मागे फिरणं). परतताना थेंबाबाहेर पडले की ते आणखी एकदा वाकतात आणि आणखी फाकतात. आता मला सांग, किरण उलटे फिरले म्हणजे कुठे आले?”

केतकीने बोट हवेत फिरवून पाहिलं. सूर्याकडून थेंबाकडे. थेंबातून वळून...

“सूर्याच्याच बाजूला परत आले!”

“मग रंग कुणाला दिसणार?”

“जो सूर्याच्या बाजूला उभा राहून थेंबांकडे बघेल त्याला. ज्याच्या पाठीवर ऊन आहे त्याला!”

“शाबास. आता हात लांब कर. अंगठा तुझ्या डोक्याच्या सावलीवर धर आणि वीत पसर. तिथून पुढे आणखी एक वीत.” आजीने पाणी उडवलं. केतकीची करंगळी बरोबर तांबड्या पट्ट्यावर टेकली होती.

“दोन विती!”

“साधारण बेचाळीस अंशांचा कोन. पाण्याचा थेंब तांबडा रंग याच कोनातून सर्वांत जोरकस परत पाठवतो. जांभळा त्याहून थोडा आत. सावलीपासून वर मोज, डावीकडे मोज, उजवीकडे मोज, सगळीकडे दोन विती. म्हणून त्याचा गोल होतो. पृथ्वीवर खालचा भाग जमीन खाऊन टाकते, म्हणून आपल्याला कमान दिसते.”

“माझ्या डोक्याच्या सावलीपासून?” केतकी थबकली. “आणि तुझं?”

“माझ्या डोक्याच्या सावलीपासून. ज्या थेंबाने आत्ता तुझ्या डोळ्यात तांबडा रंग पाठवला, त्याच थेंबाने माझ्या डोळ्यात हिरवा पाठवला असेल, किंवा काहीच नाही. शेजारी उभ्या राहिलेल्या दोघांचीही इंद्रधनुष्यं वेगळी असतात.”

“मग ते खरं असतं की नसतं?”

आजीने बाटली खाली ठेवली. “त्याला हात लावता येत नाही. मी आत्याच्या सड्यामागे धावून धावून पाहिलंय. पण ऊन, पाणी आणि बघणारा, तिघं आपापल्या जागी आले की ते घडतं. लोकांनी त्याला काय काय म्हटलंय! कुणी देवाचं धनुष्य म्हटलं, कुणी स्वर्गाला जाणारा पूल. ऊन-पाऊस एकत्र आले की आम्ही पोरं ‘कोल्ह्याचं लगीन’ म्हणून ओरडत सुटायचो. आत्या म्हणायची, ऊन आणि पावसाचं भांडण मिटलं, त्याची ही खूण.”

पण केतकीचं लक्ष आता गोष्टीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता.

“आजी, म्हणजे मामाला दिसणार आणि मामीला दिसणारच नाही!”

“तसंच दिसतंय.”

“मग मामीला मामाच्या जागी उभं करू.”

“मग मामाला दिसणार नाही. ती म्हणेल ‘बघ’, हा म्हणेल ‘कुठे?’ तुझं आणि पाणक्याचं झालं तसं. एका पडद्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहून दोघांना दिसायचं नाही, बाळ.”

तेवढ्यात मळ्यातून हाक आली. पृथ्वीवरून गुरुजी पडद्यावर आले होते. मुहूर्त जवळ आला होता. तरंगती निरी तशीच हातात धरून आजी निघाली, आणि तिच्यामागे केतकी. डोक्यात एकच घोळ. इकडे की तिकडे? तिकडे की इकडे?

मळा सजला होता. दुधीच्या मांडवाखाली मामा उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. समोर हिरव्या शालूत हेमांगी. तिच्या डोळ्यांवर थेट ऊन. केतकीने पाणक्याकडे पाहिलं. पाणक्याने नळ सोडला. भुरभुर पावसासारखा दाट पडदा दोघांच्या मधे उतरू लागला.

गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. आणि मामा जवळजवळ ओरडलाच, “अगं बाई! हेमा, पाहिलंस?”

“काय?”

“समोर! पाण्यात!”

“समोर तू आहेस, तोही धुरकट. आणि ऊन डोळ्यांत जातंय.”

लोक हसले. हेमांगीही हसली. पण तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. केतकी चुळबुळ करू लागली. ज्याला नको होतं त्याला मिळालं, आणि जिच्यासाठी केलं ती डोळे मिटून उभी!

त्यात गुरुजी म्हणाले, “आता मुलीचे काका मंगलाष्टक म्हणतील.” पडद्यावर आंबोलीहून नानाकाका आले. त्यांनी घसा खाकरला. मंगलाष्टक त्यांनी स्वतः रचलं होतं. पहिल्या कडव्यात सगळे कुलदेव आले. दुसऱ्यात घाटातल्या नद्या. तिसऱ्यात काकांचे आजोबा, त्यांचे भाऊ आणि सर्वांचा स्वभाव. सूर कधी दरीत, कधी डोंगरावर.

पाणक्या केतकीजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “टाकी अर्धी झाली. गाणं अर्धंही झालेलं नाही.”

केतकीने दचकून पाहिलं. टाकीच्या काचेत पाणी उतरत होतं. काकांचं चौथं कडवं सुरू झालं. आत्यांची नावं येऊ लागली. आत्या पुष्कळ होत्या. हे असंच चाललं, तर टाकी रिकामी होणार आणि मामीला काही, काहीच दिसणार नाही. उद्या-परवा यान निघणार. लाल बॅग दाराशी तयारच आहे.

दोन बाजूंना समोरासमोर उभं राहून दिसायचं नाही, आजी म्हणाली होती. समोरासमोर नाही. मग...

“बंद कर!” ती पाणक्याला म्हणाली.

“अंतरपाट? मुहूर्ताआधी?”

“बंद कर म्हणते ना! उरलेलं पाणी ठेव!”

फवारा थांबला. पडदा विरला. आणि मंगलाष्टकं संपायच्या आत नवरा-नवरी एकमेकांच्या तोंडाकडे टकामका पाहत उभे राहिले!

“अरे, अरे! डोळे मिटा!” “पाण्याचं काय झालं?” “श्रीरंगा, वळ तिकडे!” एकच गलका झाला. इथलं दृश्य आणि आवाज पृथ्वीवर पोचायला सेकंदभराहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे नानाकाकांना आणखी एक आत्या उरकता आली आणि मगच गुरुजी ओरडले, “अहो, अंतरपाट कुठे गेला?”

माईआजीने केतकीकडे पाहिलं. नातीचे कान लाल झाले होते, पण मान खाली नव्हती. आजीने एका उडीत रोपांवरची हिरवी सावलीची जाळी ओढली. निऱ्या छत्रीसारख्या फुलल्या.

“हा घ्या अंतरपाट! धरा रे दोघं जण. आणि तुम्ही थांबलात का, नानाकाका? आत्या राहिल्यात की अजून!”

हसण्याच्या लाटेत सोहळा पुन्हा मार्गी लागला. शेवटी एकदाचं “सावधान” झालं, जाळी बाजूला झाली, माळा पडल्या. अक्षता वर उडाल्या आणि चंद्रावर सगळंच उतरतं तशा सावकाश, पिसांसारख्या डोक्यांवर उतरल्या. त्या अजून हवेत होत्या, तोवर केतकीने नव्या मामीचा हात धरला होता.

“मामी, इकडे ये. या बाजूला.”

“अगं, कुठे ओढतेस? शालू अडकेल!”

“मामाच्या शेजारी उभी राहा. तोंड तिकडे. उन्हाकडे पाठ कर. मामा, तूही वळ! पाणक्या, सोड!”

नळ्या फुत्कारल्या. दोघांच्या समोर पाणी उतरू लागलं.

हेमांगीचा मेंदीचा हात तोंडावर गेला. आडव्या उन्हात पाण्याच्या पडद्यावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारे रंग गोल उभे राहिले होते, वर मांडवाच्या खांबापर्यंत आणि खाली पार फरशीपर्यंत. पृथ्वीवर जमीन खाऊन टाकते तो भागही त्यात होता. काचेबाहेर काळंभोर आकाश होतं, आणि त्या काळ्यावर रंग असे उठून दिसत होते, की दरीतल्या ढगांवरही कधी दिसले नसतील.

“पुरं आहे,” ती कुजबुजली. “श्री, हे तर पुरं आहे! आमच्याकडे अर्धंच असायचं.”

“बघ ना, तांबडा पट्टा त्या दुधीच्या फुलाला टेकलाय.”

“कुठे? फुलाला नाही, खांबाला टेकलाय.”

“अगं, फुलाला!”

“खांबाला!”

“भांडू नका,” केतकी म्हणाली. “दोघांचं बरोबर आहे. तुझं इंद्रधनुष्य तुझ्या डोक्याच्या सावलीभोवती आहे, मामी, आणि मामाचं त्याच्या. दोन आहेत. शेजारी शेजारी.”

मग काय, जमलेला सगळा गोतावळा त्या बाजूला धावला आणि आपापलं इंद्रधनुष्य शोधू लागला. विती लागल्या, करंगळ्या ताणल्या गेल्या. गर्दीतून वाट काढत पाणक्याही आला. चाकांवर गर्रकन वळून त्याने उन्हाकडे पाठ केली.

“आहे,” तो म्हणाला. “कालची नोंद पुसता येत नाही. तिच्यापुढे जोडत आहे. रंग नाहीत, त्या जागेवरून.”

टाकीतलं शेवटचं पाणी उतरलं. रंग फिके झाले आणि गेले.

“आता पुन्हा कधी?” हेमांगीने विचारलं.

“हवेतला सगळा ओलावा मी परत गोळा करतो,” पाणक्या म्हणाला. “परवा टाकी भरेल. एक थेंबही कुठे जात नाही.”

हेमांगीने मान हलवली. पण राहण्या-जाण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, आणि केतकीला विचारायचा धीर झाला नाही.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. यान निघायच्या सकाळी तर ती न सांगताच मामाच्या घराकडे निघाली, लांब लांब उड्या टाकत. दार उघडंच होतं.

दाराशी लाल बॅग नव्हती.

केतकी उंबऱ्यातच थांबली. तिला वाटलं, मागे फिरावं. वाटलं, यानतळाकडे पळत सुटावं. पायांना काहीच ठरवता येईना.

“कोण आहे? केतकी का?” आतून आवाज आला. “बरी आलीस. जरा खालून ढकल गं ही.”

हेमांगी स्टुलावर चढली होती. दोन्ही हातांनी ती लाल बॅग माळ्यावर सरकवू पाहत होती. बॅग कोपऱ्यात अडकली होती.

“जड आहे?” केतकीने विचारलं.

“छे, रिकामी आहे. सगळे कपडे कपाटात लावले. ढकल.”

केतकीने अशी ढकलली, की बॅग माळ्याच्या पार मागच्या भिंतीवर जाऊन आपटली. मग तिने मामीच्या शालीत तोंड खुपसलं आणि पाणक्याने नोंद करावी इतकं पाणी काढलं.

“मामी, इंद्रधनुष्यासाठी राहिलीस?”

“तेवढ्यासाठी कशाला राहीन? ते आंबोलीला हवं तेवढं मिळतं. पण माझा हात धरून, भर लग्नात सगळ्यांच्या शिव्या खाऊन, ‘इथे उभी राहा’ म्हणून ओढत नेणारी भाची कुठून आणू? मी आपली आल्यापासून त्या एका खिडकीकडेच तोंड करून बसले होते.” तिने केतकीची वेणी ओढली. “आणि तो चिक्कू पाणक्या म्हणतो, आज टाकी भरली आहे. चल, श्रीला बोलाव.”

तेव्हापासून कडेवाडीत टाकी भरली की फवारा सुटतो आणि माणसं उन्हाकडे पाठ करून रांगेत उभी राहतात. पण केतकीच्या पायाची भिंगरी काही सुटली नाही. एकदा अशीच रंग विरत असताना ती आजीला म्हणाली, “शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर पाऊस पडतो ना?”

“पडतो. पण पाण्याचा नाही, मिथेनचा (पृथ्वीवर हा वायू असतो, तिथल्या कडाक्याच्या थंडीत तो पातळ होऊन पडतो).”

“मग तिथेही इंद्रधनुष्य पडत असेल?”

“थेंब वेगळा, म्हणून किरण वेगळे वाकणार. दोन वितींहून थोडं मोठं होईल. पण तिथली हवा धुरकट, ऊन जेमतेम खाली पोचतं. कधी काळी धूर विरळ झाला तर पडतही असेल. कुणी पाहिलेलं नाही अजून.”

“मी बघेन,” केतकी म्हणाली. “पाणक्या, येशील माझ्याबरोबर?”

पाणक्याने टाकीचं झाकण लावलं, उरलेले थेंब मोजले आणि तो तिच्याकडे वळला.

“एका अटीवर, केतकीताई. कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते यावेळी आधी सांगा.”